कीव आणि कसोटी : ‘इक्बाल’मधील कर्णबधिर मुलगा आणि त्याचा नायक

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यान)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानासाठी एखाद्या ग्रंथाऐवजी चित्रपटाची निवड व्हावी, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गोष्ट कागदावर छापलेली असो वा पडद्यावर उमटलेली असो, ती कोणाविषयी बोलते आणि कोणाला धीर देते, हा प्रश्न ग्रंथालयाला परका नाही. शिवाय या चित्रपटाचे आपल्या शहराशी जवळचे नाते आहे. ‘इक्बाल’ या हिंदी चित्रपटाचे दिग्दर्शक नागेश कुकुनूर हे हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठातून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले, तेथे नोकरी केली आणि त्या मिळकतीतून १९९८ साली ‘हैदराबाद ब्लूज’ हा आपला पहिला चित्रपट त्यांनी काढला. ‘इक्बाल’ ऑगस्ट २००५मध्ये प्रदर्शित झाला. निर्माते सुभाष घई होते. त्रेपन्नाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सामाजिक विषयावरील उत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला आणि नसीरुद्दीन शहा यांना सहायक अभिनेत्याचे पारितोषिक लाभले. मराठी प्रेक्षकाला आणखी एक आपलेपणा वाटण्याजोगी गोष्ट म्हणजे खेड्यातील त्या शेतकरी कुटुंबातील पिता, माता आणि पुत्र या तिन्ही भूमिका यतीन कार्येकर, प्रतीक्षा लोणकर आणि श्रेयस तळपदे या मराठी कलावंतांनी केल्या आहेत.

कथा थोडक्यात अशी. इक्बाल हा खेड्यातील गरीब मुसलमान शेतकऱ्याचा मुलगा. त्याला ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. पाच म्हशी राखणे हे त्याचे रोजचे काम आणि त्या चरत असताना वेगवान गोलंदाजीचा सराव करणे हा त्याचा ध्यास. भारताच्या संघातून खेळावे, एवढीच त्याची इच्छा. पित्याच्या मते हा निव्वळ वेळेचा अपव्यय. मुलाने शेतीत हात घालावा आणि पुढे ती सांभाळावी, असे त्याचे म्हणणे. धाकटी बहीण खदिजा मात्र भावाची वाचा होते. जवळच्या एका क्रिकेट अकादमीत ती त्याला घेऊन जाते. तेथील गुरुजी, म्हणजे एकेकाळचे वजनदार खेळाडू, मुलाची गुणवत्ता ओळखून त्याला प्रवेश देतात. ही भूमिका गिरीश कार्नाड यांनी केली आहे. पण अकादमीला पैसा पुरविणाऱ्या धनिकाचा मुलगा कमल याला हा नवा प्रतिस्पर्धी सहन होत नाही आणि इक्बालला बाहेर पडावे लागते. त्यानंतर त्याला मोहित सापडतो. कधीकाळी उत्तम क्रिकेट खेळलेला हा मनुष्य आता गावात दारूच्या आधाराने दिवस ढकलीत असतो. या ढासळलेल्या माणसाकडून मुलगा विद्या घेतो, आंध्रच्या रणजी संघात स्थान मिळवितो आणि शेवटी राष्ट्रीय निवडीच्या उंबरठ्याशी पोहोचतो.

वरवर पाहिल्यास ही खेळाच्या चित्रपटांची परिचित वाट वाटते. दुर्बळाने झगडावे आणि अखेर जिंकावे, ही योजना जुनीच आहे. परंतु ‘इक्बाल’ त्या वाटेवर दोन प्रश्न उभे करतो. अपंग मुलाला नायक हवा असतो तो कशासाठी? आणि गावातले लोक त्याला जे देऊ पाहतात, तेच त्याला हवे असते काय?

आधी एका शब्दाचा विचार करू. अशा मुलाला आपल्याकडे वर्षानुवर्षे ‘मूकबधिर’ म्हणण्याची रीत होती. आता ‘कर्णबधिर’ हा शब्द रूढ होत आहे, आणि त्यामागे केवळ शिष्टाचार नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांची स्वरयंत्रे निर्दोष असतात. कानावर भाषा पडत नाही, म्हणून तोंडातून भाषा निघत नाही. म्हणजे ‘मूक’ हा त्या मुलाच्या देहाचा दोष नसून त्याच्यापर्यंत भाषा पोहोचली नाही, याची ती खूण असते. त्याला हातांची भाषा वेळेवर मिळाली, तर तो मुका राहत नाही. खदिजा आणि इक्बाल जेव्हा हातांनी भांडतात, थट्टा करतात, बेत आखतात, तेव्हा पडद्यावर एक पूर्ण संभाषण घडत असते. आपल्या भक्तिपरंपरेत कृपा झाली की मुका बोलू लागतो, अशी एक हृद्य कल्पना आहे. या चित्रपटात तसा चमत्कार कोठेही होत नाही. इक्बाल अखेरपर्यंत बोलत नाही, त्याचे कान बरे होत नाहीत आणि प्रेक्षकालाही त्याची गरज वाटेनाशी होते. दिग्दर्शकाचे हे मोठेच यश मानावे लागेल.

क्रिकेटच्या खेळात या मुलासमोर एक विलक्षण अडचण उभी राहते. क्रिकेटच्या नियमांनुसार क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने दाद मागितल्यावाचून पंच फलंदाजाला बाद देत नाही. यष्टी उखडली असेल तर फलंदाज आपणहून चालू लागतो, हे खरे. पण पायचीत असो वा बॅटची पुसटशी कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हाती गेलेला चेंडू असो, गोलंदाजाने वळून पंचाला हाक घालायची, ही खेळाची रीत आहे. ज्याच्या कंठातून शब्द निघत नाही, त्याने ही दाद कशी मागावी? नियमाने उत्तर दिलेले आहे. दाद गोलंदाजानेच मागावी, असे बंधन नाही; संघातील कोणाही खेळाडूने मागितली तरी चालते. म्हणजे मुलाच्या हातून बळी मिळाला तरी त्याचा हक्क मागण्यासाठी सोबत्यांचा आवाज त्याच्या बाजूने उठावा लागतो. खेळाच्या पुस्तकातील हे एक साधे कलम. पण अपंग व्यक्ती आणि समाज यांच्या नात्याविषयी एवढे नेमके वाक्य शोधूनही सापडणार नाही. इक्बालची गुणवत्ता त्याची स्वतःची आहे, ती कोणी दान दिलेली नाही. त्या गुणवत्तेची दाद मात्र इतरांना मागावी लागते. खदिजा अकादमीच्या दारात तेच करते आणि पुढे मोहितही तेच करतो.

आता नायकाकडे वळू. या कथेत नायकाच्या जागी तीन माणसे दिसतात. पहिला नायक दूरचा आहे. खेड्यातील मुलाला तो चित्रात आणि दूरदर्शनच्या पडद्यावरच दिसतो. चित्रपटाच्या शेवटी कपिल देव स्वतः निवड समितीचे म्हणून क्षणभर पडद्यावर येतात, तेव्हा या दूरच्या नायकाला देह मिळतो. कपिल देव यांचीच निवड का व्हावी, हे सांगण्याची फारशी गरज नाही. भारतात वेगवान गोलंदाज निपजत नाहीत, ही समजूत हरयाणाच्या या खेळाडूने मोडली. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषक त्यांच्या हाती आला. त्याच्या आठवडाभर आधी, १८ जूनला, टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी अवघ्या १७ धावांत गारद झाले असताना त्यांनी नाबाद १७५ धावा काढल्या. त्या सामन्याचे चित्रण झाले नाही. ती खेळी पिढ्यानपिढ्या केवळ ऐकीव राहिली, आणि तरीही ती लोकांनी डोळ्यांनी पाहिल्यासारखी जपली. दूरच्या नायकाचे काम एवढेच की, आपल्यासारख्यालाही हे शक्य आहे, असे मुलाला वाटावे. त्यापुढे तो मुलाचा हात धरू शकत नाही.

दुसरा नायक जवळचा आणि प्रतिष्ठित आहे, तो म्हणजे अकादमीचे गुरुजी. येथे महाभारताची आठवण होणे अपरिहार्य आहे. द्रोणाचार्यांना एकलव्याची योग्यता कळली नव्हती, असे नाही. ती कळली होती म्हणूनच त्यांनी अंगठा मागितला. तुझ्यासारखा धनुर्धर दुसरा होणार नाही, असा शब्द ते अर्जुनाला देऊन बसले होते. राजघराण्याच्या आश्रयाने चालणारी विद्या आश्रयदात्याच्या मुलापुढे कोणाला जाऊ देत नाही. ‘इक्बाल’मधील गुरुजींचीही तीच गत आहे. त्यांची दृष्टी शाबूत आहे, पण ती गहाण पडली आहे. मुलाला ऐकू येत नाही, म्हणून त्याला अकादमीतून काढलेले नाही. कमलच्या पित्याच्या पैशावर अकादमी चालते, म्हणून काढले आहे, हे चित्रपट स्पष्ट दाखवितो. अपंगत्व हे पुष्कळदा सोयीचे कारण असते. खरे कारण दारिद्र्य आणि जात-वर्ग-धनाची उतरंड हे असते.

तिसरा नायक मोहित. त्याच्याकडे ना अकादमी, ना प्रतिष्ठा, ना सावरलेले आयुष्य. मुलाने ज्याच्याकडे आदराने पाहावे, असे त्याच्यात बाहेरून काहीही दिसत नाही. इक्बाल त्याच्या मागे लागतो, कारण त्याच्याजवळ विद्या आहे, हे त्याने ओळखले आहे. येथेच या कथेतील मुलाचे वय वाढू लागते. बालपणी आपण नायकाला अखंड आणि निर्दोष मानतो. त्याची एक चूक दिसली की मूर्ती भंगते आणि मुलगा रडतो. प्रौढपणाची पहिली पायरी म्हणजे माणसाचा थोरपणा आणि त्याची दुर्बलता एकाच वेळी पाहता येणे, आणि दुर्बलता दिसूनही थोरपणा नाकारण्याचा मोह न होणे. इक्बाल ही पायरी चढतो. तो मोहितला गुरू मानतो, म्हणून त्याच्या व्यसनाकडे डोळेझाक करीत नाही. आणि त्याला दारूच्या अंमलात पाहतो, म्हणून त्याचे शिकवणे हलके लेखीत नाही. एकलव्याच्या कथेत गुरूने शिष्याकडून अंगठा घेतला. येथे शिष्यामुळे गुरूला आपला हरवलेला हात परत मिळतो. अशी गुरुदक्षिणा आपल्या कथापरंपरेत फार वेळा आढळत नाही.

मोहितच्या शिकवण्यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तो मुलाची कीव करीत नाही. गावात अशा मुलाला कीव मुबलक मिळते. ‘बिचारा’ हा शब्द त्याच्या वाट्याला जन्मापासून येतो. त्याला ऐकू येत नसल्याने तो शब्द कानी पडत नाही. पण चेहऱ्यावर उमटलेला तो वाचता येतो. कीव करणारा मनुष्य दुष्ट नसतो. परंतु कीव मुलाकडून काहीही मागत नाही, आणि ज्याच्याकडून कोणी काही मागत नाही, त्याला आपण निरुपयोगी आहोत, असे वाटू लागते. पित्याचा विरोधसुद्धा या दृष्टीने कीवेपेक्षा बरा म्हणावा लागेल. तो मुलाकडून निदान शेतीचे काम तरी मागतो. मोहित त्याच्याकडून त्याहून अधिक मागतो. घाम, शिस्त, चेंडूची दिशा आणि टप्पा यांवरील हुकमत, यांपैकी कशातही ऐकू न येण्याची सवलत तो देत नाही. म्हशींच्या साथीने चालणारा तो सराव पाहताना हसू येते. पण त्या हसण्याखाली एका मुलाला प्रथमच कोणी तरी गंभीरपणे घेतले आहे, हा अर्थ वाहत असतो.

ही केवळ पडद्यावरची कल्पना आहे, असे कोणी म्हणू नये. भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात बालपणी पोलिओने क्षीण झाला. त्याच हाताने त्यांनी ५८ कसोटी सामन्यांत २४२ बळी मिळविले. १९७१ साली ओव्हलवर अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय मिळविला, तो चंद्रशेखर यांनी ३८ धावांत घेतलेल्या सहा बळींच्या बळावर. त्या हाताची कीव करून त्यांना घरी बसविले असते, तर भारतीय क्रिकेटचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

चित्रपटाची खरी कसोटी अखेरच्या सामन्यात लागते. इक्बाल आणि कमल समोरासमोर येतात. कमलला धावा काढू द्याव्या, यासाठी गुरुजींकडून पैशांचे आमिष दाखविले जाते, आणि इक्बालच्या घराला पैशांची निकड असते. म्हशी राखणाऱ्या मुलापुढील हा पेच बनावट नाही. घरासाठी स्वप्न विकावे काय, हा प्रश्न खेड्यातील कोणत्याही होतकरू मुलाला कधी ना कधी पडतोच. अपंग माणूस म्हणजे जन्मतःच निष्पाप, असा एक गोड गैरसमज आपल्या कथांत रुजलेला आहे. दिग्दर्शकाने तो टाळला. इक्बाल डगमगतो. त्यालाही लोभ आणि भीती आहे, म्हणूनच त्याच्या निर्णयाला किंमत येते. निवड करण्याचा अधिकार ज्याला आहे, तोच वयात आला असे म्हणता येते.

चित्रपटाच्या उणिवांकडेही डोळे झाकून चालणार नाही. ऐकू येणाऱ्या नटाने कर्णबधिर मुलाची भूमिका करावी, यावर आज आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. तळपदे यांनी एकही शब्द न उच्चारता ही भूमिका उभी केली, हे कौशल्य मान्य करूनही, कर्णबधिर कलावंताला अशी संधी केव्हा मिळेल, हा प्रश्न शिल्लक राहतो. दुसरी उणीव खदिजाविषयी आहे. भावाचे शब्द बोलता बोलता ही लहान मुलगी स्वतः काय इच्छिते, हे कथा पुरतेपणी सांगत नाही. अपंग मुलाच्या घरात दुसऱ्या भावंडाचे, बहुधा बहिणीचे, बालपण असेच शांतपणे खर्ची पडत असते. कुकुनूर यांना हे जाणवले असावे, असे मानण्यास जागा आहे. दहा वर्षांनी ‘धनक’ या चित्रपटात ते पुन्हा याच भूमीवर आले. २०१५च्या बर्लिन महोत्सवात बालचित्रपटांच्या विभागात गौरविल्या गेलेल्या या चित्रपटात राजस्थानातील दहा वर्षांची परी आपल्या आठ वर्षांच्या अंध भावाला, छोटूला, घेऊन वाळवंटातून चालत निघते. भावाच्या नवव्या वाढदिवसापूर्वी त्याला दृष्टी मिळवून देण्याचे वचन तिने दिलेले असते. नेत्रदानाच्या भित्तिपत्रकावर शाहरुख खान यांचे चित्र पाहून तिला वाटते की, हा नायक आपले काम करील. छोटूचा नायक मात्र सलमान खान. त्यावरून दोघांचे सतत भांडण. येथे वाचा बहिणीची आणि वाटही बहिणीचीच आहे. दूरच्या नायकाच्या ओढीने निघालेल्या या मुलांना वाटेत जी साधी माणसे भेटतात, त्यांतच या चित्रपटाचा जीव आहे.

अपंग बालक आणि त्याचा नायक ही जोडी मराठी मनाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील माधान या खेड्याशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले आणि वर्षाचे होण्यापूर्वीच त्यांची दृष्टी गेली. त्यांनी आपला नायक सहा शतके मागे जाऊन शोधला. ज्ञानेश्वरांना पिता मानून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. तोवर विपुल ग्रंथरचना त्यांच्या नावावर जमा झाली होती. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. त्या प्रज्ञेला नमस्कार करताना एक साधी गोष्ट विसरली जाते. डोळ्यांनी न दिसणाऱ्या त्या तरुणाला कोणी तरी बसून ग्रंथ वाचून दाखवीत होते आणि कोणी तरी त्याचे शब्द उतरवून घेत होते. क्रिकेटच्या मैदानात सोबती दाद मागतो आणि ग्रंथांच्या दालनात तो वाचून दाखवितो. काम एकच आहे.

येथे हा विषय ग्रंथालयाच्या दारी येऊन पोहोचतो. १९९५च्या अपंगत्वविषयक कायद्यानंतर २०१६ साली नवा हक्क कायदा आला आणि त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य झाले. अंध आणि दृष्टिबाधित वाचकांसाठी पुस्तके सुलभ स्वरूपात तयार करण्याची मोकळीक देणारा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला. त्याला सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. भारतीय सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय संस्था २०१५ साली दिल्लीत सुरू झाली आणि २०१८ साली तीन हजार शब्दांचा पहिला सांकेतिक कोश तिने प्रसिद्ध केला. कायदे झाले, करार झाले, कोशही झाला. आता खेड्यातल्या किंवा आपल्या गल्लीतल्या एखाद्या मुलाला ग्रंथालयाच्या पायऱ्या चढता याव्यात, आत आल्यावर त्याच्याकडे पाहून कोणी हळहळू नये, आणि पुस्तक परत करताना ‘कसे वाटले, सांग’ असे इतर मुलांप्रमाणेच त्यालाही विचारले जावे. तो हातांनी सांगेल, पाटीवर लिहील किंवा बहिणीच्या तोंडून सांगेल. त्याला उत्तर मागितले, म्हणजे त्याचा मान राखला.

शंभर वर्षांपूर्वी या प्रांतात मराठी ग्रंथालय उभारणाऱ्यांनी परभाषिक वातावरणात आपल्या शब्दाला जागा मागितली. ज्यांचा आवाज बहुसंख्यांच्या कानी सहज पडत नव्हता, अशा वाचकांच्या वतीने त्यांनी दाद मागितली. त्या परंपरेच्या वारसांना इक्बालची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. पुढल्या शतकात ज्यांच्यासाठी दाद मागावयाची, ते वाचक कोणते, याचा विचार या निमित्ताने सभासदांनी करावा, एवढीच विनंती करून हे व्याख्यान येथे संपते.